बांकावरचा सहावा गडी

आमच्या शाळेंतील पुष्कळ विद्यार्थी हल्लीं संगणकावर बास्केटबॉलचा एक निराळाच खेळ खेळतांना दिसतात. त्यांत चेंडू हातीं घ्यावयाचा नसतो. आपण संघाचे व्यवस्थापक असतों. कोणास निवडावें, कोणास मैदानावर धाडावें, कोणास केव्हां परत बोलवावें, एवढेंच आपलें काम. सामना यंत्र आपल्या हिशोबानें पार पाडतें. कित्येक पालकांस हा निव्वळ कालापव्यय वाटतो, व रात्रीं जागून खेळणाऱ्यांच्या बाबतींत तो आहेहि. तथापि या खेळांत एक धडा असा आहे कीं, तो खऱ्या मैदानावर आम्हीं अद्याप गिरविलेला नाहीं. त्याविषयीं दोन शब्द लिहावे असें आम्हांस वाटतें.

या खेळांत प्रत्येक गड्याच्या नांवापुढें त्याच्या कौशल्याचे गुण मांडलेले असतात, आणि त्याच्या शक्तीचाहि हिशोब ठेवलेला असतो. गडी मैदानावर असेपर्यंत शक्ति उतरत जाते. बांकावर बसला म्हणजे ती पुन्हां चढते. शक्ति उतरली कीं नेम, धांव व बचाव हीं सर्व त्या मानानें उणीं होतात. समजा, एका गड्याचे गुण ९० आहेत. पण दमून त्याचा खेळ तीन-चतुर्थांशच उरला, तर तो ६८ च्याहि खालीं येतो. मग बांकावर ताजातवाना बसलेला ७० गुणांचा गडी त्याहून सरस ठरतो. नवशिक्या व्यवस्थापकास हें उमगत नाहीं. तो सारें द्रव्य एका नामांकित गड्यावर खर्चितो, त्यास अखेरपर्यंत खेळवितो, आणि शेवटच्या पांच मिनिटांत सामना हातचा गेला म्हणजे यंत्रास बोल लावतो.

वस्तुतः हा साध्या गुणाकार-भागाकाराचा प्रश्न आहे. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणें सामना ४० मिनिटांचा व मैदानावर गडी पांच. म्हणजे वांटावयाचीं मिनिटें २००. मुख्य पांच जणांस प्रत्येकीं २८ दिलीं तर १४० होतात. उरलेलीं ६० मिनिटें दुसऱ्या पांच जणांस बारा-बारा प्रमाणें पुरतात. मात्र पांचहि गडी एकदम बदलूं नयेत. एक-दोन मुख्य गडी नेहमीं मैदानावर राहतील अशा बेतानें आळीपाळीनें बदल करावा, आणि उत्तम पांच जणांचें बळ अखेरच्या मिनिटांकरितां राखावें.

ही गोष्ट केवळ यंत्रापुरतीच खरी आहे असें नव्हे. अमेरिकेंतील व्यावसायिक संघांस एका हंगामांत साधारणतः ८२ सामने खेळावे लागतात, व सामना ४८ मिनिटांचा असतो. १९६१-६२ च्या हंगामांत विल्ट चेंबरलेन या गड्यानें, जादा वेळ धरून, सामन्यामागें सरासरी ४८.५ मिनिटें खेळून दाखविलीं. पण असा देह एखाद्यासच लाभतो. उलटपक्षीं, सॅन अँटोनियो स्पर्स या संघाचे शिक्षक ग्रेग पोपोविच यांच्या हाताखालीं २०१३-१४ च्या साखळी सामन्यांत एकाहि गड्याची सरासरी ३० मिनिटांपर्यंत गेली नाहीं. आणि त्याच संघानें २०१४ सालीं अंतिम फेरींत मायामी हीट संघास चार विरुद्ध एक अशा सामन्यांनीं हरवून अजिंक्यपद मिळविलें.

कोणी म्हणेल, प्रेक्षक पैसे मोजतात ते नामांकितांस पाहण्याकरितां. हा आक्षेप खोटा नाहीं. याच पोपोविच यांनीं २०१२ च्या नोव्हेंबरांत चार प्रमुख गड्यांस सामन्यापूर्वींच घरीं धाडलें, तेव्हां संघास अडीच लक्ष डॉलर दंड झाला. परंतु गड्यास अजिबात न खेळविणें निराळें, आणि त्याचा भार इतरांनीं थोडथोडा उचलणें निराळें. आमचें म्हणणें या दुसऱ्या गोष्टीपुरतेंच आहे.

आतां आमच्या स्वतःच्या मैदानाकडे वळूं. एका आंतरशालेय सामन्यांत संघाचें नायकपण आमच्याकडे होतें. आम्हीं तेच पांच जण अखेरपर्यंत खेळविले. मध्यंतरास नऊ गुणांनीं पुढें होतों. शेवटीं चार गुणांनीं हरलों. आमच्या उत्तम नेमबाजाचे शेवटचे तीन चेंडू कड्यापर्यंतहि पोंचले नाहींत. पण विचारल्यावर तो ‘मी दमलों नाहीं’ असेंच म्हणे. खऱ्या मित्राच्या कपाळावर शक्तीचा आंकडा लिहिलेला नसतो. तो नायकानें ओळखावयाचा असतो.

परंतु पराभवाहून मनास अधिक लागलें तें निराळेंच. आमचा सहावा गडी बुटांच्या नाड्या घट्ट बांधून ४० मिनिटें बांकावर बसला होता. त्यानें कोणास शब्दानेंहि दोष दिला नाहीं. सर्वांच्या पाण्याच्या बाटल्या तेवढ्या गोळा केल्या. पुढच्या सोमवारीं तो सरावास आला नाहीं, व पुन्हां कधींच आला नाहीं. दोष त्याचा नव्हे, आमचा.

येथें यंत्राचा हिशोब अपुरा पडतो. खेळणाऱ्याचा थकवा तें मोजतें. न खेळणाऱ्याचें मन किती उतरलें हें त्यास मोजतां येत नाहीं. यंत्रांतील गडी बांकावर बसून ताजा होतो. खरा मुलगा बांकावर बसून बसून कोमेजतो. तो कच्चा म्हणून त्यास खेळवावयाचें नाहीं, आणि खेळविलें नाहीं म्हणून तो कच्चाच राहावयाचा, असें हें रहाटगाडगें आहे.

१८९१ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड येथें जेम्स नेस्मिथ या शिक्षकानें हा खेळ प्रथम मांडला, तेव्हां त्याच्या वर्गांत १८ विद्यार्थी होते. त्यानें नऊ-नऊ जणांचे दोन संघ केले. त्या दिवशीं बांकावर बसावयास कोणी उरलाच नाहीं. नियम पुढें बदलले. परंतु वर्गांतील सर्वांनीं खेळावें हा मूळचा हेतु विसरण्याचें कारण नाहीं.

म्हणून आमची सूचना एवढीच: नायकानें प्रत्येकाचीं मिनिटें कागदावर मांडावीं, व पूर्वार्धांत दहाहि गड्यांस पाळी द्यावी. पालकांसहि विनंति कीं, आपल्या मुलास मध्येंच बाहेर बोलाविलें तर तो अपमान समजूं नये. त्याच्या जागीं दुसऱ्या कोणाचा मुलगा आपल्या अंगची हिंमत अजमावीत असतो. आम्ही स्वतः मात्र नव्या हंगामापूर्वीं एक काम करणार आहों. त्या सहाव्या गड्याच्या घरीं जाऊन त्यास परत बोलावणार आहों.