वगळलं म्हणजे नेमकं काय वगळलं?



जमिनीचं खरेदीखत आपल्यापैकी बऱ्याच जणांनी वाचलेलं असेल. त्यात चतुःसीमा असते. आमच्या जोयडा तालुक्यात कागदपत्रं कन्नड, त्यामुळे तिला चक्कुबंदी म्हणतात. पूर्वेला ओढा, पश्चिमेला अमक्याचं शेत, दक्षिणेला रस्ता, उत्तरेला जंगल. आणि कधी कधी पुढे एक ओळ असते, 'विहीर व विहिरीकडे जाणारी वाट वगळून'. वाट कुठून कुठवर, किती रुंद, हे लिहिलेलं नसलं की पुढच्या पिढीत भांडण ठरलेलं. घेतलेलं काय यापेक्षा वगळलेलं काय, यावरच माणसं कोर्टात जातात.

संगणकावरही असंच 'वगळून' लिहावं लागतं, आणि तिथेही ते मोघम लिहिलं की कुणाला तरी भोगावं लागतं. या वेळी त्याविषयी.

कुंभारवाड्याला माझ्या काकू एकट्याच राहतात. मोबाईलची रेंज अंगणातल्या तुळशीपाशी येते, म्हणून फोन तिथेच एका खुर्चीवर ठेवलेला असतो. मागच्या पावसाळ्यात त्यांना एक फोन आला. समोरच्याला काकूंचं पूर्ण नाव माहीत होतं, दिवंगत काकांचं नाव माहीत होतं, मुलगा पुण्याला असतो हेही माहीत होतं. केवायसी राहिलंय, आकडा सांगा, म्हणाला. काकूंनी फोन ठेवला आणि मला लावला. "अरे, ह्याला आपल्या घरातलं सगळं कसं ठाऊक?"

शोधता शोधता एका संस्थेच्या संकेतस्थळावर पोचलो. काका तिचे आजीव सभासद होते. सगळ्या सभासदांची यादी, पत्ते, फोन, वारसांची नावं, असं सगळं एका फोल्डरमध्ये उघडं पडलेलं. संकेतस्थळ सांभाळणाऱ्यांना कळवलं तर त्यांचं उत्तर आलं, "ते फोल्डर आम्ही वगळलेलं आहे."

खोटं बोलत नव्हते ते. वगळलं होतं, पण कुणापासून?

प्रत्येक संकेतस्थळाला 'रोबोट्स डॉट टीएक्सटी' नावाची एक साधी फाईल ठेवता येते. गूगलसारख्या शोधयंत्रांचे आपोआप फिरणारे प्रोग्राम येतात, आधी ही फाईल वाचतात आणि 'इथे येऊ नका' असं लिहिलेल्या जागा टाळतात. 1994 साली मार्टाइन कोस्टर यांनी ही पद्धत सुचवली. तेव्हा असे प्रोग्राम संकेतस्थळांवर नुसते कोसळत असत. पद्धत सोपी होती, सगळ्यांनी उचलली. पण तिला औपचारिक मानकाचं रूप मिळायला 2022चा सप्टेंबर उजाडला. इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्सच्या त्या मानकाचा क्रमांक आरएफसी 9309. मधली 28 वर्षं बारीकसारीक बाबतीत ज्याने त्याने आपापला अर्थ लावला.

अर्थ लावण्यात फरक कसा पडतो ते पाहा. समजा तुम्हाला सभेची इतिवृत्तं वगळायची आहेत आणि तुम्ही लिहिलंत '/सभा'. नियम असा, की पत्त्याची सुरुवात जुळली की तो पत्ता वगळला. मग '/सभासद' गेलं, '/सभागृह' गेलं, आणि हॉल भाड्याने देण्याची तुमची जाहिरात शोधात दिसेनाशी झाली. '/सभा/' असं शेवटी तिरकी रेघ देऊन लिहिलं, तर फक्त त्या फोल्डरच्या आतलं वगळलं जातं. नेमकं '/सभा' एवढंच पान हवं असेल तर शेवटी डॉलरचं चिन्ह द्यायचं. 'इथे संपलं' असा त्याचा अर्थ. तारा म्हणजे 'मध्ये काहीही असो'. तारा आणि डॉलर मूळच्या 1994च्या पद्धतीत नव्हते. शोधयंत्रांनी ते नंतर आणले आणि 2022च्या मानकाने पक्के केले. इंग्रजी पत्त्यांत कॅपिटल आणि लहान अक्षरं वेगळी धरली जातात, तीही चूक नेहमीची.

दोन नियम एकमेकांवर आले तर? '/सभा/' बंद आणि '/सभा/छायाचित्रे/' खुलं, असं लिहिलं असेल तर जास्त लांबीचा, म्हणजे जास्त नेमका नियम चालतो. दोन्ही सारखेच असतील तर खुल्याला झुकतं माप द्यावं, असं मानक म्हणतं. 'द्यावं' हा शब्दही मोजून घातलेला आहे. या मानकांमध्ये 'केलंच पाहिजे', 'करावं' आणि 'केलं तरी चालेल' या तीन पायऱ्यांचे अर्थ 1997च्या आरएफसी 2119 मध्ये ठरवून दिलेत. आपल्या कायद्यातल्या 'करील' आणि 'करता येईल' इतकाच हा फरक महत्त्वाचा.

आता त्या संस्थेच्या उत्तराकडे येऊ. याच मानकात स्पष्ट लिहिलंय, की हे नियम म्हणजे प्रवेशबंदी नाही. ऐकणारा प्रोग्राम ऐकेल, न ऐकणाऱ्याला अडवणारं तिथे काही नाही. शिवाय ही फाईल कुणालाही वाचता येते. त्यामुळे 'सभासद-यादी' असं फोल्डरचं नाव त्यात लिहिणं म्हणजे दाराला कडी न लावता बाहेर 'दागिने आत आहेत, कृपया येऊ नये' अशी पाटी टांगणं. मानकाने हा धोकाही सांगितलाय आणि उपायही, तो म्हणजे खरंच झाकायचं असेल तर पासवर्ड लावा.

संस्थेने यादी दुसऱ्या दिवशी काढून टाकली. पण उतरवून घेतलेली प्रत परत मागता येत नाही. काकू आता अनोळखी नंबर उचलत नाहीत, आणि त्यामुळे बेळगावच्या डॉक्टरांच्या दवाखान्यातून आलेला फोनही एकदा राहून गेला.

तुमच्या घरच्या संगणकावरही 'वगळा' असतंच. हिशोबाचं सॉफ्टवेअर हळू चालतंय म्हणून कुणीतरी अँटिव्हायरसमधून अख्खा डी ड्राइव्ह वगळून ठेवतो. मग तिथे शिरलेल्या व्हायरसला कुणी हटकत नाही. बॅकअपमधून 'मोठ्या फाईली' वगळल्या की लग्नाचे व्हिडिओ वगळले जातात, आणि ते कळतं डिस्क बिघडल्यावर. म्हणून वगळताना चार गोष्टी लिहून ठेवा : नेमकं कुठलं फोल्डर किंवा फाईल, पूर्ण पत्त्यासह, कुणापासून वगळलं, का वगळलं, आणि कुणी, कुठल्या तारखेला. सहा महिन्यांनी ती यादी काढून पाहा. कारण आठवत नसेल तर ती ओळ काढून टाका.

आणि तुम्ही एखाद्या मंडळाचं, देवस्थानाचं किंवा सोसायटीचं संकेतस्थळ सांभाळत असाल, तर आजच त्याच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन 'रोबोट्स डॉट टीएक्सटी' हे इंग्रजी अक्षरांत टाइप करा. जे दिसेल ते सगळ्या जगाला दिसतंय. त्यात लिहिलेला प्रत्येक पत्ता स्वतः उघडून पाहा, पासवर्ड न देता. उघडला, तर आत कुणाच्या तरी काकूंचा नंबर आहे का तेवढं बघा.

पुढच्या महिन्यात भेटूच.