एकशे चोपन्न फेऱ्या

२९ फेब्रुवारी २०१६ रोजी केंद्राच्या अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाची घोषणा झाली. देशात दरवर्षी मूत्रपिंडे पूर्ण निकामी झालेल्या २ लाख २० हजार नव्या रुग्णांची भर पडते आणि त्यामुळे ३ कोटी ४० लाख डायलिसिसची गरज वाढते, असे तत्कालीन अर्थमंत्री अरुण जेटली यांनी सांगितले. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागून पाहावे. माणशी वर्षाला सुमारे १५४ येतात. म्हणजे आठवड्याला तीन. वैद्यकशास्त्रही तेच सांगते. सरकारने मात्रा बरोबर धरली होती.

हीच मात्रा आता गडचिरोली जिल्ह्यातल्या सिरोंच्यातून मोजू.

सिरोंचा ते गडचिरोलीचे जिल्हा रुग्णालय हे अंतर दोनशे किलोमीटरहून जास्त आहे. जाऊन-येऊन चारशे. १५४ फेऱ्यांचे अंतर साठ हजार किलोमीटरच्या वर जाते. पृथ्वीला दीड प्रदक्षिणा होतील एवढा प्रवास एका वर्षात, आणि तोही किडनी फेल झालेल्या माणसाने करायचा. वाटेत आलापल्ली ते सिरोंचा हा रस्ता आहे. त्याची अवस्था जिल्ह्यात कुणाला सांगावी लागत नाही. भामरागडहून अंतर थोडे कमी, पण तिथे पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की पूल पाण्याखाली जातो आणि पलीकडच्या शंभराहून अधिक गावांचा संपर्क तुटतो. नदी उतरेपर्यंत रक्तातले पोटॅशियम वाढायचे थांबत नाही.

इतका प्रवास कोणीच करू शकत नाही. मग माणसे काय करतात? ज्यांच्याकडे चार पैसे आहेत ते गडचिरोलीत, चंद्रपुरात किंवा नागपुरात खोली करून राहतात. सिरोंच्याकडचे नदी ओलांडून तेलंगणात जातात. बाकीचे फेऱ्या कमी करतात. तीनच्या दोन, दोनच्या एक. मग एक दिवस दम लागतो, पाय आणि तोंड सुजते, आडवे झाले की श्वास कोंडतो. अंगात साचलेले पाणी फुप्फुसात उतरलेले असते. अशा माणसाला घोटभर पाणीही मोजून प्यावे लागते. मे महिन्यातल्या गडचिरोलीत ओठ ओले करून दिवस काढणे म्हणजे काय, हे तिथला उन्हाळा पाहिलेल्याला कळेल.

सोबतच्या माणसाचाही हिशेब मांडावा लागेल. रुग्ण एकटा जाऊ शकत नाही. डायलिसिस चार तासांचे, आणि ते करून उठलेला माणूस गळून गेलेला असतो. मुलगा किंवा बायको बरोबर जाते. धानाची रोवणी बुडते. मोहफुले वेचायची राहतात. तेंदूपत्त्याचे थोडेच दिवस हातात रोख पैसा येतो, ते दिवसही रुग्णालयाच्या बाकावर जातात. उपचार फुकट आहे हे खरे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसते, आणि तिचीच आधीची आवृत्ती असलेली राजीव गांधी योजना २०१२ मध्ये पहिल्या ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत गडचिरोली होता. त्याबद्दल सरकारचे आभारच मानायला हवेत. पण या आजारात पैशाआधी अंतर मारते.

आणि हे सरकारला ठाऊक आहे. डायलिसिसच्या रुग्णाला एसटीच्या साध्या गाडीत तिकीट माफ आहे. ही सवलत चांगली आहे, ज्याने सुचवली त्याने रुग्णाची अडचण जवळून पाहिली असणार. पण तिचा अर्थही नीट वाचला पाहिजे. प्रवास हा या उपचाराचाच भाग आहे, अशी ही शासनाची लेखी कबुली आहे. २०१६ च्या त्या भाषणातही लांबच्या वारंवार फेऱ्या, प्रवासाचा खर्च आणि बुडणारी मजुरी यांचा उल्लेख होता. रोग ओळखला होता. तरी कार्यक्रम आखताना केंद्र धरले ते जिल्हा रुग्णालय. जिल्हा रुग्णालय हे उत्तर लातूरला किंवा साताऱ्याला पुरत असेल. १४,४१२ चौरस किलोमीटरच्या आणि दर चौरस किलोमीटरला जेमतेम ७४ माणसांच्या गडचिरोलीला ते कसे पुरेल?

यंत्रे उपजिल्हा रुग्णालयांपर्यंत नेण्याचे काम राज्यात सुरू आहे. ते वाढावे. मात्र त्याची हद्द ओळखून असावे. एका डायलिसिसला सुमारे १२० लिटर अतिशुद्ध पाणी लागते. त्यासाठी पाणी शुद्ध करणारा संच, अखंड वीज आणि शिकलेला तंत्रज्ञ लागतो. अहेरीत असे केंद्र धडपणे चालवले तरी तिथून सिरोंचा शंभरेक किलोमीटर उरतेच. आणि सिरोंच्यात चालवले तरी तालुक्याच्या टोकाचे गाव उरते. हे यंत्र प्रत्येक टोल्यावर जाणार नाही.

पिशवी जाऊ शकते.

पोटाच्या डायलिसिसला यंत्र लागत नाही. बेंबीजवळ छोटी शस्त्रक्रिया करून एक मऊ नळी कायमची बसवतात. घरी दोन लिटर द्रावणाची पिशवी उंच टांगायची, नळीला जोडायची, द्रावण पोटात सोडायचे. पोटातले पातळ आवरणच गाळणीचे काम करते. चार-सहा तासांनी ते द्रावण खालच्या रिकाम्या पिशवीत काढून टाकायचे आणि नवे भरायचे. अदलाबदलीला अर्धा तास. दिवसातून साधारण चार वेळा. मधल्या वेळेत माणूस शेतावर जातो, दुकान चालवतो, मुलांना शाळेत सोडतो. दवाखान्यात महिन्यातून एकदा गेले तरी बहुतेकांचे भागते. १५४ च्या जागी बारा फेऱ्या.

ही काही नवी विद्या नाही. हाँगकाँगने १९८५ पासून सरकारी रुग्णांसाठी आधी पोटाचे डायलिसिस हेच धोरण ठेवले, आणि तिथे पैशाची किंवा रस्त्यांची वानवा नव्हती. आपल्या केंद्र सरकारनेही २०१९ मध्ये याच राष्ट्रीय कार्यक्रमात पोटाच्या डायलिसिसची मार्गदर्शक तत्त्वे काढली. ऑगस्ट २०२१ मध्ये तामिळनाडूने कृष्णगिरी जिल्ह्यातून घरोघरी औषधोपचाराची योजना सुरू केली. रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्यांबरोबर या पिशव्याही रुग्णाच्या दारात पोचवणे त्या योजनेत आहे. कागद दिल्लीत तयार आहे, वाट तामिळनाडूने दाखवली आहे.

तरी अडते कुठे? देशभराचे आकडे जाहीर होतात ते असे: इतके रुग्ण, इतकी सत्रे. झालेले सत्र मोजले जाते. केंद्र चालवणाऱ्याला पैसेही सत्रामागे मिळतात. जो रुग्ण एटापल्ली तालुक्याच्या आतून आलाच नाही, ज्याने महिनाभरात बारापैकी चारच फेऱ्या केल्या, त्याच्या आठ फेऱ्या त्या आकड्यांत कुठेच दिसत नाहीत. केंद्र चालू, यंत्र चालू, अहवाल चोख. माणूस मात्र घरी गेलेला, आणि का गेला हे विचारणारे कोणी नाही.

श्रीमंत देशांनीही हीच चूक केली होती, हे मुद्दाम सांगायला हवे. ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी किंटोर नावाची आदिवासी वस्ती आहे. तिथल्या लोकांना डायलिसिससाठी पाचशे किलोमीटरहून दूर अॅलिस स्प्रिंग्सला जाऊन कायमचे राहावे लागे. उपचार फुकट होता, यंत्रे उत्तम होती. माणसे आपल्या जमिनीपासून आणि नातवंडांपासून तुटून शहराच्या कडेला झिजत होती. शेवटी तिथल्या चित्रकारांनी चित्रे काढली, २००० साली सिडनीत त्यांचा लिलाव झाला आणि दहा लाख डॉलरहून अधिक रक्कम उभी राहिली. त्या पैशातून २००४ मध्ये किंटोरमध्येच डायलिसिस सुरू झाले. सरकारी आरोग्य विम्यात दुर्गम भागातल्या डायलिसिसची तरतूद व्हायला २०१८ उजाडले. तिजोरी भरलेली असूनही आधी लोकांना आपली चित्रे विकावी लागली. गडचिरोलीच्या माडिया-गोंड माणसाने काय विकावे अशी अपेक्षा आहे?

पिशवीच्या विरोधात दोन आक्षेप हमखास येतात. पहिला स्वच्छतेचा. नळीतून जंतू आत गेले तर पोटाच्या आवरणाला संसर्ग होतो. काढलेले पाणी गढूळ दिसते, पोट दुखते, ताप येतो, आणि वेळेवर औषध न मिळाल्यास जीव जाऊ शकतो. धोका खरा आहे. पण एका खोलीच्या, मातीच्या घरात हे जमणारच नाही, असे म्हणणाऱ्याने याच जिल्ह्याचा इतिहास वाचावा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने इथल्या ३९ गावांत, गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवले. त्यांनी घरोघरी जाऊन नवजात बाळाचा जंतुसंसर्ग लक्षणांवरून ओळखला आणि इंजेक्शनही दिले. तिसऱ्या वर्षी त्या गावांतले नवजात बालकांचे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने ते छापले. पुढे ती पद्धत देशभरातल्या आशा सेविकांच्या कामात आली. जिथल्या बाईने तान्ह्या बाळाला निर्जंतुक सुईने इंजेक्शन दिले, तिथली बाई साबणाने हात धुऊन, तोंडाला मास्क लावून, दार लोटून पिशवी बदलू शकत नाही, असे कोणत्या आधारावर म्हणायचे?

दुसरा आक्षेप साठ्याचा. दिवसाला चार म्हणजे महिन्याला १२० पिशव्या, २४० लिटर. पाव टन वजन. पूर आला तर? याचे उत्तर पुरवठा खात्याकडे आहे. नवसंजीवन योजनेत दुर्गम गावांच्या रेशन दुकानांत पावसाळ्याचे धान्य आगाऊ पोचवले जाते. चार महिन्यांचा तांदूळ नदीपलीकडे कसा न्यायचा, हे गडचिरोलीच्या प्रशासनाला दरवर्षीच्या सरावाने येते. संपर्क तुटणाऱ्या एका तालुक्यातल्या मोजक्या रुग्णांच्या पिशव्या त्या तांदळापुढे कितीशा भरतील? बाळंतपण जवळ आलेल्या बाईला आरोग्य केंद्रालगतच्या माहेरघरात आधीच आणून ठेवण्याची सोयही इथे आहे. रस्ता आपला शत्रू आहे हे धान्याच्या बाबतीत कळले, बाळंतिणीच्या बाबतीत कळले. किडनीच्या रुग्णाच्या बाबतीत कळायला उशीर का?

प्रत्येकाला पोटाचे डायलिसिस चालत नाही. पोटाच्या जुन्या शस्त्रक्रिया, अधू नजर, घरात मदतीला कोणी नसणे, अशी कारणे असतात. त्यांच्यासाठी यंत्र हवेच, आणि जवळ हवे. नळी बसवायला सर्जन लागेल आणि शिकवायला परिचारिका. तेवढे बळ गडचिरोली-चंद्रपुरात उभे करणे अवघड नाही. चंद्रपुरात २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवतीच्या पहाडावरच्या रुग्णालाही याच सोयीची तितकीच गरज आहे, त्यामुळे हे काम एका जिल्ह्यापुरते राहणार नाही. या भागात सिकलसेल घरोघर ठाऊक आहे, आणि सिकलसेल वर्षांमागून वर्षे मूत्रपिंडेही खाते. म्हणजे रुग्ण वाढणार आहेत.

तेव्हा दोन्ही जिल्ह्यांच्या शल्यचिकित्सकांनी एवढे करावे. डायलिसिसच्या नोंदवहीत प्रत्येक रुग्णापुढे त्याचे गाव, अंतर, ठरलेल्या फेऱ्या आणि झालेल्या फेऱ्या लिहाव्यात. ज्याच्या फेऱ्या चुकतात त्याच्या घरी आशाताईला पाठवून कारण विचारावे. ज्याला पोटाचे डायलिसिस चालेल त्याला ते समजावून सांगून विचारावे, आणि निवड त्याची असावी. राज्याच्या आरोग्य विभागाने पिशव्यांची निविदा काढावी, साठा प्राथमिक आरोग्य केंद्रात ठेवावा. लोकप्रतिनिधींनी नव्या यंत्राच्या मागणीबरोबर हीही मागणी विधिमंडळात लावून धरावी. पाऊस जूनमध्ये येतो. भामरागडच्या पिशव्या मे संपण्याआधी पर्लकोटेच्या पलीकडे गेल्या पाहिजेत.