मरत्या सूर्याच्या गोष्टी कोणाच्या?

मुस्लिम मराठी लेखकाने काय लिहावे हे ठरवणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. तलाक लिहा, दंगल लिहा, मोहल्ल्यातली गरिबी लिहा. हे लिहायलाच हवे, त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो ‘एवढेच लिहा’ या फर्मानाशी. एखाद्या तरुणाच्या हातात विल्यम होप हॉजसनची ‘द नाइट लँड’ दिसली की पुरोगामी म्हणतो, हे पलायन. मौलवीसाहेब म्हणतात, कयामतीचे ज्ञान अल्लाहलाच. तुम्ही त्यात कशाला शिरता? एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे हे दोघे इथे मात्र एकाच दस्तरखानावर बसतात.

१९१२ सालच्या त्या कादंबरीत सूर्य विझून युगे लोटली आहेत. उरलीसुरली माणसे एका प्रचंड पिरॅमिडात राहतात. १,३२० मजले, प्रत्येक मजला म्हणजे एक शहर. (गिरगावच्या चाळकऱ्याला याचे फारसे नवल वाटू नये.) बाहेर काळोखात अवाढव्य आकृत्या नुसत्या टक लावून बसलेल्या. भाषा मुद्दाम जुनाट, कधी कधी कंटाळवाणीच. तरीही उजेडाच्या कडेवर पहारा देणारी ती माणसे डोक्यातून जात नाहीत. १९९२-९३ चा मुंबईतला हिवाळा ज्याने दाराला आतून कडी लावून काढला, त्याला हे पलायन वाटेल?

क्लार्क अ‍ॅश्टन स्मिथशी मात्र आपले भांडण आहे. १९३२ पासून ‘वीअर्ड टेल्स’ मासिकात त्याने झोथिकच्या कथा लिहिल्या. पृथ्वीवरचे शेवटचे खंड, लालसर म्हातारा सूर्य, आणि त्याखाली कोण? मुडदे उठवणारे जादूगार आणि ऐषारामात सडलेले बादशहा! सामान बरेचसे अलिफ लैलाचे. बेकफर्डच्या ‘वाथेक’ने (१७८६) तो भारावलेला होता, त्यातला खलीफा अब्बासी अल-वासिकवरून घेतलेला. म्हणजे जग मरायला टेकले की त्याला आपला पोशाख चढवायचा. याचा राग यावाच. पण रागावून पुस्तक मिटले, तर तो पोशाख त्यांच्याकडेच राहतो.

आणि हा प्रांत परक्यांचा, हे तरी कोणी सांगितले? फुप्फुसातले रक्ताभिसरण सांगणारा हकीम इब्न अल-नफीस १२८८ साली वारला. त्याने बेटावर एकट्या वाढलेल्या कामिलची गोष्ट रचली. शेवटाकडे सूर्याच्या मार्गाचा कल कमी होत जातो, ऋतू मोडतात, कुठे असह्य उष्मा, कुठे असह्य थंडी, आणि कयामत जवळ येते ती निसर्गाच्या हिशेबाने. वेल्सच्या ‘द टाइम मशीन’च्या (१८९५) सहाशे वर्षे आधी! हा हकीम शाफई फिकहही शिकवत असे. कोकणातल्या आपल्या माणसांचाच मजहब. मौलवीसाहेबांनी याचे उत्तर द्यावे.

मराठीनेही अद्भुताची चव चाखली ती कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी आणलेल्या अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टींतून. जी. एं.च्या ‘रमलखुणा’ (१९७५) या नावातला रमल म्हणजे अरबीतली वाळू. नाव चालते, वाळू चालते. त्या वाळूवर आपण रेघ ओढली की भुवया उंचावतात.

गिरगावातल्या मौजेने १९६५ साली हमीद दलवाईंची ‘इंधन’ काढली. फार चांगले केले. दोष त्या पुस्तकाचा नाही. दोष त्यानंतर मराठी वाचकाने, आणि आपणही, आपल्या दारावर ठोकलेल्या पाटीचा आहे: येथे फक्त समस्या मिळतील.

त्याच गिरगावच्या टोकाला, मरीन लाइन्सला, बडा कब्रस्तान आहे आणि त्याच परिसरात चंदनवाडीचे स्मशान. पलीकडे रूळ, रुळांपलीकडे समुद्र. तिथे सूर्य शेवटचा मावळतो आहे आणि कबर खोदणारा व चिता रचणारा दोघेच उरले आहेत, अशी कथा उद्या कोणी पाठवली, तर ‘यात मुस्लिम समाजाचा प्रश्न कुठे आहे?’ असे विचारून संपादकांनी ती परत करू नये.