बांधावरचें उंबर तोडावें काय?

विहिरीकांठचें अगर बांधावरचें उंबर ‘किडे पसरवितें’ म्हणून तोडलें जातें. हा त्या झाडावर अन्याय आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे. आमची हयात महसूल खात्याच्या कारकुनींत गेली. पीकपाहणीच्या वेळीं ही तक्रार वारंवार कानीं येई, व अज्ञानानें आम्हीं मानही डोलवीत असूं.

वास्तविक ज्यास आपण उंबराचें फळ म्हणतों, ती फुलांनीं भरलेली बंद पिशवी होय. उंबरास फूल येत नाहीं, ही समजूत त्यामुळेंच पडली. पिशवीच्या टोकाशीं बारीक छिद्र असतें. त्यांतून केंबराची मादी आंत शिरते. शिरतांना तिचे पंखही बहुधा गळून पडतात. दुसऱ्या उंबरावरून आणलेला पराग ती फुलांस देते, कांहीं फुलांत अंडीं घालते व तेथेंच मरते. त्या फुलांत केंबरें वाढतात. इतर फुलांत बीं धरतें. हें केंबर उंबराच्या फुलावांचून अन्यत्र वाढतच नाहीं, आणि बाहेर पडलेल्या मादीचें आयुष्य अवघें एक-दोन दिवसांचें. तें ज्वारी-कपाशीस काय खाणार?

सावलीची तक्रार मात्र खरी. आमच्याही शेतांत उंबराखालचें पीक खुरटत असे. परंतु त्यास फांद्या छाटणें हा उपाय आहे. उंबर वडासारख्या पारंब्या सोडून जागा व्यापीत नाहीं, आणि जून खोडालाच घोसांनीं फळत असल्यानें छाटणीनें पांखरांचा मेवा सर्वस्वी बुडत नाहीं. आम्हीं विहिरीवरचें उंबर गेल्या माघांत असेंच छाटविलें. ज्येष्ठांत खोडावर घोस लागले होते, व खालीं पोरें उंबरें वेंचीत होतीं.