आडवे कोण आले?

गेल्या पावसाळ्यात आठवीच्या वर्गाला मी ‘आमच्या भागातील रानटी जनावरे’ हा निबंध घातला होता. एक मुलगा उभा राहून हरणाविषयी दोन वाक्ये वाचतो न वाचतो तोच मागच्या बाकावरून आवाज आला, “गुरुजी, याचा बाप हरनं मारते! टरकवाला हाये!” सारा वर्ग खदखदून हसला. त्या पोराने वही मिटली आणि म्हणाला, “माहा बाप मारत नाही, गुरुजी. ते आडवं येते.”

मी वर्गाला दटावले, तास पुढे नेला. पण खरे सांगायचे तर त्या हसण्याचा मानकरी मी होतो.

मॅट्रिक झाल्यावर नोकरी मिळेना म्हणून दीड वर्ष मी मामांच्या ट्रकवर क्लीनर होतो. गाडी मालकाची, मामा पगारी चालक. एका रात्री सरकी भरून अकोल्याहून अमरावतीकडे निघालो होतो. मूर्तिजापूर मागे पडले, आणि तुरीतून एक हरणी निघून नेमकी दिव्यांच्या झोतात येऊन उभी राहिली. मामांनी ब्रेक दाबला, चाक मात्र वळवले नाही. धक्का बसला. खाली उतरून पाहतो तो हरणी कुशीवर पडलेली, पोट भात्यासारखे हलत होते. मामांनी तिच्या तोंडात पाणी घातले. मी म्हटले, “मामा, कोण्या डॉक्टरकडे नेऊ.” मामा घड्याळाकडे पाहत म्हणाले, “बाबू, सकायी माल नाही पोचला त भाडं कापते. अन् हे गाडीत सापडलं त जेलात कोन जाईन? तू का मी?” आम्ही निघालो. मागे वळून पाहिले तेव्हा शेतातून दोन बत्त्या रस्त्याकडे येत होत्या. त्या कशासाठी येत होत्या, हे मला कळत होते. तिचा जीव तेव्हा गेलेला नव्हता.

या पापातला माझा वाटा मी नाकारत नाही. पण आज माझे भांडण आहे ते चालकाला कसाई ठरवून हात झटकणाऱ्या सभ्य माणसांशी!

हरीण मूर्ख म्हणून उभे राहत नाही. रात्री त्याच्या डोळ्याची बाहुली पूर्ण उघडलेली असते. प्रखर झोत पडला की त्याला काही दिसेनासे होते आणि ते जागीच थिजते. एक निघून गेले की मागून कळपातले दुसरे येते. चालकाला हे पुस्तकावाचून ठाऊक असते. म्हणून जाणता चालक एक हरीण दिसताच वेग कमी करतो, दिवे खाली घेतो आणि दुसऱ्याची वाट पाहतो. अगदीच समोर आले तर ब्रेक सरळ दाबतो. भरल्या ट्रकचे चाक झटक्याने वळवले तर गाडी उलटते, आणि मग हरणाबरोबर माणसेही जातात. त्या रात्री मामांनी चाक वळवले नाही, म्हणून मी आज हा लेख लिहितो आहे.

मग चूक कोठे? वेगात! वेग दुप्पट झाला की ब्रेकने गाडी थांबण्याचे अंतर दुप्पट नव्हे, सुमारे चौपट होते. आणि हा वेग चालकाच्या अंगातली मस्तीच असतो काय? मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ साली कायदा झाला. दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांच्या आत अर्धा तास विसावा, असे त्यात लिहिले होते. तो वाचून कोणी मालक भाडे ठरवत असे? पहाटे मंडईत भाजी ताजी हवी, दिवाळीला दुकानात माल भरगच्च हवा, आणि तो आणणारा मात्र सावकाश यावा! वाहवा!

रस्त्याचेही तेच. जून २०२२ मध्ये याच अमरावती-अकोला मार्गावर एका पदराचे ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झाले आणि गिनीज बुकात नाव लागले. मलाही अभिमान वाटला. पण रस्ता किती लवकर झाला हे मोजणाऱ्यांनी, तो कोणाच्या वाटेत झाला हेही मोजावे. तुरीतून पाण्याकडे जाणारी हरणांची वाट डांबराहून जुनी आहे. आडवे कोण आले, हरीण की रस्ता?

आता कोणी म्हणेल, “मास्तर, रस्ते बांधूच नयेत काय?” छे! असे कोण म्हणतो? नागपूरहून जबलपूरकडे जाणाऱ्या ४४ क्रमांकाच्या महामार्गावर पेंचच्या जंगलात रस्ता उचलून खालून जनावरांना वाट ठेवली आहे. तेथील कॅमेऱ्यांत चितळे दिसली, रानडुकरे दिसली, वाघही दिसले. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावरही अशा वाटा केल्या. म्हणजे विद्या आहे, पैसाही आहे. पण वाघासाठी उघडणारी तिजोरी शेतातल्या हरणासाठी उघडावी, असे म्हणणारा कोणी नाही.

दुसरा म्हणेल, “रोह्यांनी आमचा हरभरा खाल्ला, मेली तर बरेच!” रात्र रात्र जागली करणाऱ्या त्या शेतकऱ्याचे दुःख मी जाणतो. त्याला नुकसानभरपाई वेळेवर आणि पुरती मिळालीच पाहिजे. पण ट्रकचे चाक म्हणजे काही पीकरक्षक नव्हे. त्या अंगापिंडाने भरलेल्या रोह्यावर उद्या त्याच शेतकऱ्याच्या मुलाची फटफटी आदळली, तर कोण मरेल?

माझे मागणे मोठे नाही. जनावरे कोठे उतरतात हे चालकांना बिनचूक ठाऊक असते. अधिकाऱ्यांनी एक रात्र ढाब्यावर बसून त्यांना विचारावे आणि त्या जागी मोऱ्या रुंद कराव्यात, पाट्या लावाव्यात, रात्रीचा वेग बांधून द्यावा. कर्नाटकात बंदीपूरच्या जंगलात २००९ पासून रात्री नऊ ते सकाळी सहा वाहतूकच अडवली आहे. आम्ही तर फक्त सावकाश चला म्हणतो. आणि जनावर जखमी झाले तर वनखात्याला १९२६ या क्रमांकावर कळवावे. कायद्याने मेलेले रानटी जनावरही सरकारचे असते. त्याचे मटण वाटून घेणे हा गुन्हाच आहे. पण कळवणाऱ्या चालकालाच आधी चोर समजण्याची रीत जोवर मोडत नाही, तोवर कोणी थांबणार नाही. आम्ही थांबलो नव्हतो.

वाचकहो, लक्ष्मीपूजनाला तुमच्यापैकी कित्येक जण रात्रीच्या प्रवासाने घरी आले असतील. त्याच रात्री कोणाचा तरी बाप स्टेअरिंगवर होता.

सुट्टी संपून शाळा उघडली की त्या वर्गात मी एक गोष्ट सांगणार आहे. त्या पोराला हसलेल्यांना सांगणार आहे की, हरणी मेली त्या रात्री ट्रकवर तुमचे गुरुजी होते. मग पाहू, कोण हसते ते.