पुतळा फुटला, पुरुष सुटला

बायकांच्या चळवळीनं भयपटांकडे बघायचंच कशाला, असं काही मैत्रिणी विचारतील. रात्री एकट्या निघालेल्या मुलीमागे सुरा घेतलेला पुरुष लागतो, एकामागून एक मुली मारल्या जातात आणि शेवटी एक उरते, एवढीच ‘स्लॅशर’ म्हणवल्या जाणाऱ्या सिनेमांची गोष्ट. उरते तीही बहुतेक वेळा अभ्यासू, मुलांच्या नादी न लागलेली, थोडक्यात ‘चांगल्या घरची’. कॅरल क्लोव्हर या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९८७ साली तिला ‘फायनल गर्ल’, म्हणजे शेवटची मुलगी, असं नाव दिलं. जगायचं असेल तर नीट वाग, हा उपदेश आपल्याला घरीदारी फुकट मिळतोच. त्यासाठी तिकीट काढायची गरज नाही.

पण २०१९ साली आलेला ‘ब्लॅक ख्रिसमस’ मुद्दाम या उपदेशाच्या विरोधात काढलेला सिनेमा आहे. दिग्दर्शिका सोफिया टकाल, तिच्याबरोबर लिहिणारी एप्रिल वुल्फ. निर्मिती ब्लमहाउसची. या कंपनीचे प्रमुख जेसन ब्लम यांनी २०१८ साली, भयपट करू इच्छिणाऱ्या दिग्दर्शिका फारशा नसतातच, असं म्हणून टीका ओढवून घेतली होती आणि मग माफीही मागितली होती. पुढच्या वर्षी हा सिनेमा आला.

गोष्ट अमेरिकेतल्या एका कॉलेजातली. तिथे मुलींची आणि मुलग्यांची एकत्र राहणारी वेगवेगळी मंडळं असतात. रायली ही अशाच एका घरात राहणारी मुलगी. मुलग्यांच्या मंडळाच्या माजी प्रमुखानं, ब्रायननं, तिला गुंगीचं औषध देऊन तिच्यावर बलात्कार केला होता. तिनं ते सांगितलं, कुणी विश्वास ठेवला नाही. तिची मैत्रीण क्रिस मात्र गप्प बसणारी नाही. गुलाम बाळगणाऱ्या संस्थापकाचा अर्धपुतळा हलवा, म्हणून तिनं सह्या गोळा केल्या. आता एकाही लेखिकेचं पुस्तक न शिकवणाऱ्या प्राध्यापकाविरुद्ध तिची मोहीम चालू आहे. आपल्यातल्या कितीतरी जणी तिला लगेच ओळखतील!

ख्रिसमसच्या सुट्टीआधी मुलग्यांच्या घरी करमणुकीचा कार्यक्रम असतो. मुली सांताचे कपडे घालून नाचगाणं करतील एवढीच सगळ्यांची अपेक्षा. पण त्या गातात ते याच मंडळातल्या बलात्कारांबद्दल. समोर ब्रायन बसलेला दिसताच रायली अडखळते, आणि मग गाते. सबंध सिनेमात मला हा प्रसंग सगळ्यात मोलाचा वाटला. इथे सुरा नाही, रक्त नाही, तरी छाती धडधडते, कारण बोलण्याची किंमत काय पडते ते आपल्याला ठाऊक असतं.

त्यानंतर जे होतं तेही खरं आहे. क्रिस त्या गाण्याची चित्रफीत सगळ्या जगासाठी खुली करते. रायली संतापते. तिला जगायचंय, झेंडा व्हायचं नाहीये. क्रिसला वाटतं की लढल्याशिवाय जगताच येणार नाही. दोघीही चूक नाहीत, आणि सिनेमा एकीला शहाणी व दुसरीला मूर्ख ठरवत नाही. पीडित बाईच्या वतीनं कुणी, कधी, किती बोलायचं, यावरून बैठकांमध्ये आवाज चढलेले मी ऐकले आहेत. भयपटात हे वाद येतील असं वाटलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट मला आवडली. मुली मारल्या जातात, पण कॅमेरा त्यांच्या अंगावरून लाळ गाळत फिरत नाही. रक्तही बेतानंच आहे. शेवटी एकटीच न उरता मुली जमून लढतात. भीती मात्र त्यामानानं कमी वाटते, आणि काही संवाद शिबिरातल्या तक्त्यांवरून उतरवल्यासारखे आहेत. तेवढं मी सहन केलं असतं.

सहन झालं नाही ते पुढचं. मुलींना मारतं कोण? मुलग्यांच्या मंडळातलीच पोरं. का? तर त्या हलवलेल्या अर्धपुतळ्यातून काळा द्रव पाझरतो आणि तो लावला की संस्थापकाचा आत्मा त्यांच्या अंगात संचारतो. पुतळा फुटला की संचार संपतो. रायलीशी चांगला वागणारा लँडनही असाच झपाटला जातो आणि पुतळा फुटताच भानावर येतो.

म्हणजे पुन्हा तेच! दारू पोटात गेली म्हणून हात उचलला, डोकं फिरलं होतं, बाहेरचं काहीतरी लागलंय, तो मुळात तसा नाही. ही वाक्यं आपण सल्ला केंद्रात ऐकतो. कुणी म्हणेल की काळा द्रव हे पिढ्यान्‌पिढ्या झिरपणाऱ्या पुरुषसत्तेचं प्रतीक आहे. असेलही. पण मग रायलीवर बलात्कार करायला ब्रायनला कुठला पुतळा लागला होता? शुद्धीवर असलेला, पोशाखी, सगळ्यांचा लाडका मुलगा हे करतो आणि पचवतो, ही भीती पुरेशी होती. जादूटोण्यानं ती पातळ केली.

हा सिनेमा ज्याच्यावर बेतलेला आहे तो बॉब क्लार्क या पुरुषानं काढलेला १९७४ चा कॅनडातला ‘ब्लॅक ख्रिसमस’. त्यात कसलीच घोषणा नाही. जेस गरोदर आहे, तिला गर्भपात करायचाय. मित्र लग्नाचा हट्ट धरतो आणि ती शांतपणे नाही म्हणते. खुनी कोण, का मारतो, हे शेवटपर्यंत कळत नाही. तो घरातच असतो, एवढंच कळतं. एक मुलगी नाहीशी झाल्याचं सांगायला गेलं, तर पोलीस चौकीतला माणूस म्हणतो, असेल मित्राबरोबर कुठेतरी.

पंचेचाळीस वर्षांनंतरच्या सिनेमात रायली कॉलेजच्या सुरक्षारक्षकाकडे हीच तक्रार घेऊन जाते आणि जवळपास हेच उत्तर घेऊन परत येते. तिथे काळा द्रव कुठेच दिसत नाही.

गटात दाखवायचा झाला तर मी दोन्ही दाखवीन, जुना आधी. नवा मात्र पुतळा पाझरायला लागण्याआधी थांबवीन, दिवे लावीन आणि क्रिस-रायलीच्या भांडणावर प्रत्येकीला बोलायला लावीन. उरलेला भाग ज्यांना हवा त्यांनी चहा झाल्यावर पाहावा.