जुनं घड्याळ घेताना विचारायचा प्रश्न



हल्ली आपल्यातल्या बऱ्याच जणी मुलांकडे किंवा टूरबरोबर परदेशी जातात आणि येताना यजमानांच्या साठीला, पंच्याहत्तरीला म्हणून जुनं चावीचं घड्याळ आणायचं मनात धरतात. कल्पना मला आवडते. पन्नास वर्षांपूर्वी बनलेली, तेलपाणी केलं की अजून चालणारी वस्तू घरात आली तर नव्या वस्तूंच्या ढिगापेक्षा बरीच. पण दुकानात गेल्यावर आपण जो एकच प्रश्न विचारतो, "ओरिजिनल आहे ना?", तो माझ्या मते कुचकामी आहे.

कारण जुन्या घड्याळात अख्खं खोटं असण्यापेक्षा अर्धंमुर्धं खोटं जास्त भेटतं. मशीन खरं स्विस, डायल नव्याने रंगवलेली, काटे दुसऱ्या घड्याळाचे, केस तिसऱ्याची. दुकानदार "हो, ओरिजिनल" म्हणतो, आणि त्याच्या हिशेबी मशीनपुरतं ते खरंही असतं. म्हणून प्रश्न असा विचारावा: "यात बदललेलं काय काय आहे?" जो माणूस झाकण उघडून दाखवतो आणि "काटे बदललेत, चावी नवी आहे" असं सांगतो, त्याच्याशी पुढे बोलावं. "काहीच नाही, कपाटातच पडून होतं" म्हणणाऱ्याला नमस्कार करावा.

आमच्या नात्यातल्या एका वहिनींनी युरोपातल्या रस्त्यावरच्या बाजारातून एक चकचकीत निळ्या डायलचं घड्याळ आणलं. इथल्या घड्याळजींनी भिंग लावलं आणि हसलेच. डायल आपल्या मुंबईत रंगवलेली! परदेशी संग्राहकांत अशा घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ असं नावच पडलंय. आपल्याकडे फावर लुबाचा खप एके काळी मोठा होता. ती जुनी घड्याळं आणि जुने सेको नव्या भडक रंगांत रंगवून जगभर जातात. म्हणजे विमानाचं तिकीट काढून आपण मुंबईचाच माल घेऊन यायचा!

डायल रंगवणं हे काही पाप नाही. रंगवलेली आहे असं सांगून त्या भावात विकली तर व्यवहार चोख. न सांगता विकणं, तिथे घोडं अडतं.

ओळखायचं कसं? दहा पटीचं छोटं भिंग पर्समध्ये ठेवा. अक्षरांच्या कडा फुटलेल्या, मिनिटांच्या रेघा जाड-बारीक, केस झिजलेली पण डायल कालच छापल्यासारखी, असं दिसलं की थांबा. दुसरी खूण अंधारातली. आपण ज्याला सरसकट रेडियम म्हणतो, ते खरं रेडियम १९६० च्या दशकात मागे पडलं आणि ट्रिशियम आलं. त्या स्विस डायलवर खाली ‘स्विस’ शब्दाच्या दोन बाजूंना सहसा इंग्रजी टी हे अक्षर असतं. ट्रिशियम साधारण बारा वर्षांत निम्मं होतं. तेव्हा १९६५ सालचं घड्याळ अंधारात लख्ख चमकत असेल तर तो लेप नंतर लावलेला आहे. (खरं रेडियम असलेलं घड्याळ मात्र घरी उघडायचं नाही, खरवडायचं तर मुळीच नाही. चमक गेली तरी किरणोत्सर्ग राहतो.)

आणि हे जाणकारांनाही चुकतं. नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हाच्या लिलावात १९५७ सालचं म्हणून एक ओमेगा स्पीडमास्टर ३१ लाख स्विस फ्रँकांच्या वर गेलं. २०२३ मध्ये ओमेगानेच जाहीर केलं की ते निरनिराळ्या घड्याळांचे भाग जोडून केलेलं होतं. ते घेतलं होतं कोणासाठी, तर ओमेगाच्याच संग्रहालयासाठी! तेव्हा हौसेला घरखर्चातून मर्यादा घालून मगच दुकानाची पायरी चढावी.

माझं मत विचाराल तर जपानला जाणारीने तिथेच बघावं. टोकियोत शिंजुकूहून चुओ लाइनने नाकानो पाचेक मिनिटांवर. स्टेशनच्या उत्तरेला सन मॉल नावाचा छपराखालचा बाजार आणि त्याच्या टोकाला नाकानो ब्रॉडवे ही १९६६ सालची इमारत. घड्याळांची दुकानं मुख्यतः तिसऱ्या मजल्यावर, म्हणजे आपल्या दुसऱ्या. तिथे जुन्या मालाच्या व्यापाऱ्याला परवाना लागतो आणि महाग वस्तू विकायला आलेल्याची ओळख तपासून नोंद ठेवावी लागते. सेको तर पाठीवरून वाचता येतं. क्रमांकाचा पहिला अंक वर्षाचा शेवटचा आकडा आणि त्यापुढचा महिना. सहाने सुरुवात असेल तर १९६६ की १९७६, हे मशीनच्या नंबरावरून कळतं. पावतीवर मशीनचा नंबर, अंदाजे साल आणि बदललेले भाग लिहून घ्या. बी.कॉम.ला शिकलेलं मी एवढंच जपलंय, की व्हाउचर नाही तर नोंद नाही.

दशलक्षण पर्वात सातव्या दिवशी तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय ऐकतो, त्यात अचौर्य अणुव्रताचे अतिचार येतात. चोरीचा माल घेणं, राज्याचा कायदा ओलांडणं, प्रतिरूपक व्यवहार म्हणजे खऱ्यात खोटं मिसळून खपवणं. उमास्वामींनी जणू घड्याळाचाच बाजार पाहिला होता. त्यामुळे बँकॉकहून आणलेली ‘फर्स्ट कॉपी’ लग्नात मिरवणं मला पटत नाही. स्वित्झर्लंडमध्ये तर २००८ पासून स्वतःसाठी आणलेली नक्कलसुद्धा कस्टमवाले जप्त करू शकतात. "हातात घालून या, कोणी विचारत नाही" हा सल्लाही आपल्याच बायका देतात. सवलतीची रक्कम बदलत राहते, ती निघण्यापूर्वी पाहून घ्यावी आणि वर जात असेल तर पावती हातात धरून सरळ लाल मार्गाने जावं.

राहिला पट्टा. जुन्या घड्याळाला बहुधा चामड्याचा असतो, कधी मगरीच्या कातडीचाही. तो घड्याळाचा मूळ भाग क्वचितच असतो, म्हणून काढून ठेवायला सांगायला संकोच नको. दुकानदार दोन मिनिटांत काढून देतो. पट्टा अडकवायच्या दोन कानांमधलं अंतर मात्र मोजून घ्या, बरेचदा १८ मिलिमीटर भरतं. त्या मापाचा कापडी किंवा स्टीलचा पट्टा आपल्याकडे सहज मिळतो.